देखाव्यातला डोंगर

गेल्या वर्षी पावसाळ्यात मुरुड परिसरातील शाळकरी मुलांच्या एका चित्रकला स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसवण्यात आले. चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही. महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि अधूनमधून साहित्यावर लिहितो, एवढीच माझी पात्रता. विषय होता 'माझ्या गावचा निसर्ग'. टेबलावर आलेल्या चित्रांपैकी बहुतेकांत एकच चित्र होते. कागदाच्या मध्यावर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, खाली उतरणारी वळणावळणाची नदी, काठावर कौलारू घर, शेजारी एक नारळ आणि आकाशात इंग्रजी एम अक्षरासारखे पक्षी. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने हे चित्र कधी ना कधी काढलेले आहे. त्याला आपण 'देखावा' म्हणतो.

मुरुडच्या मुलाला डोंगर पाहायला कुठे जावे लागत नाही. समुद्राकडे पाठ केली की गारंबीचे आणि फणसाडचे डोंगर समोर उभे असतात. पण त्यातला एकही त्रिकोणी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून आपला कातळ घडला. म्हणून सह्याद्री आणि त्याचे कोकणातले फाटे पायऱ्यापायऱ्यांचे असतात, त्यांचे माथे बहुधा सपाट असतात. चित्रातला सूर्य तेवढा बरोबर होता, कारण मुरुडला तो खरोखरच डोंगरामागून उगवतो. बाकी सारे छापील पुस्तकातून आलेले. समोरचा डोंगर सोडून न पाहिलेला डोंगर काढायला मूल शिकते, आणि त्यालाच निसर्गाची आवड म्हटले जाते.

एक चित्र मात्र वेगळे होते. ते एका कातकरवाडीतल्या मुलीचे होते. डोंगराने सगळा कागद व्यापलेला. वर आकाश नाही, सूर्य नाही. मातकट, काळपट रंग. खालच्या कोपऱ्यातून एक पायवाट निघून तिरकी तिरकी वरच्या काठापर्यंत गेलेली, वाटेवर मोळी घेतलेल्या दोन बायका आणि एका खडकाजवळ पाण्याचा लहानसा निळा ठिपका. कागदावर निळा रंग तेवढाच. आमच्यातल्या जाणकारांनी चित्र बाजूला ठेवले. आकाश नाही, दूरचे-जवळचे कळत नाही, देखावा साधलेला नाही, असा निर्णय झाला. बक्षिसे त्रिकोणी डोंगरांना गेली. मीही निकालपत्रावर सही केली.

ती सही मला अजून टोचते. निसर्गचित्रातल्या भावाची आणि अर्थाची चर्चा आपण या नियतकालिकात का करायची, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या सहीत आहे. आपल्या चळवळीत असे म्हटले जाते की, निसर्ग हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. ज्याच्या पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही त्याने तळ्यातल्या प्रतिबिंबाचे काय करायचे? या म्हणण्यामागचा संताप मला समजतो. परंतु विषय सोडून दिल्याने तो संपत नाही. आपण सोडला की तो दुसऱ्यांच्या हाती राहतो, आणि आपल्याच मुलीचे चित्र आपल्याच सहीने बाद होते.

प्रथम भावाचा प्रश्न घेऊ. डोंगराच्या चित्रासमोर उभे राहिले की शांत वाटते, उदात्त वाटते, कधी उदास वाटते. हा भाव कुठून येतो? मराठी सौंदर्यविचारात मर्ढेकरांनी याचे उत्तर लयतत्त्वात शोधले. रंगांचे, रेषांचे, आकारांचे परस्परांशी जे संवादाचे, विरोधाचे आणि समतोलाचे नाते असते त्यातून कलाकृतीचे सौंदर्य सिद्ध होते, असा त्यांचा सिद्धांत. हा विचार टाकून देण्यासारखा नाही. भाव ही डोंगराची नैसर्गिक मालमत्ता नाही, तो कागदावर घडवला जातो, हे यातून स्पष्ट होते. क्षितिजरेषा खाली घेतली की आकाश मोठे होते आणि मन मोकळे होते. ती वर नेली की भूमीचे वजन अंगावर येते. जवळच्या भागात तांबडे-पिवळे उष्ण रंग, मागे निळे-जांभळे थंड रंग आणि मागच्या रांगांच्या कडा विरघळलेल्या, अशी योजना केली की दूरपणाची हुरहूर निर्माण होते. जलरंगात हे फार सुंदर साधते, कारण पातळ ओल्या थरातून कागदाचा पांढरेपणा हवेसारखा दिसत राहतो.

पण या निळ्या रंगाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. डोंगर निळा नसतो. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जी हवा असते ती प्रकाश विखुरते, म्हणून दूरचा डोंगर निळा दिसतो. तेव्हा हा रंग डोंगराचा नसून अंतराचा आहे. जो डोंगरावर राहतो, तिथे लाकडे गोळा करतो, दळीच्या तुकड्यावर नाचणी पेरतो, त्याला आपला डोंगर कधीही निळा दिसत नाही. त्याला तो उन्हाळ्यात करपलेला, पावसात काळा, भाद्रपदात हिरवा-पिवळा दिसतो. चित्रकार कुठे उभा होता, हे निळा रंग आपल्याला न विचारता सांगून टाकतो. लयतत्त्वाची समीक्षा इथे थांबते. रंगसंबंध तपासून ती बाजूला होते, आणि उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न तिला कलाबाह्य वाटतो. माझे म्हणणे असे आहे की, निसर्गचित्रात तो प्रश्न कलेच्या आतलाच आहे, कारण सगळी लय त्या जागेवरून बांधली जाते.

ही जागा आपल्याकडे कशी तयार झाली, त्याला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबई-पुण्यात काम करीत होता. त्याची मुंबई बेटाची आणि परिसराची बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १८२६ ते १८३० या काळात रॉबर्ट ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याने पश्चिम भारतातील दृश्यांचा संग्रह काढला, त्यात बोरघाटाची चित्रे आहेत. ही चित्रे कौशल्याची आहेत, यात शंका नाही. पण ती कोणत्या काळात निघाली? १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि हे डोंगर कंपनीच्या ताब्यात आले. जिंकलेला मुलूख उंचावरून एका नजरेत मावणे ही राज्यकर्त्याची गरज होती. तोच भाव चित्रात 'विस्तीर्ण' आणि 'भव्य' म्हणून उतरला.

त्याच बोरघाटातून १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे नेण्यात आली. ऐन भरात तिथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कातळ फोडताना, बोगदे काढताना आणि पटकीच्या साथींत हजारो माणसे मेली. आज गाडी घाट चढू लागली की प्रवासी खिडकीशी गोळा होतात आणि दरीचे कौतुक करतात. ती खिडकी म्हणजे एक चौकट आहे, आणि चौकट बसवणाऱ्यांची नावे कोणत्याही चित्राखाली नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातील माथेरान घ्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये तिथे चढला आणि त्याने माथेरान 'शोधले', असे सांगितले जाते. ठाकर, कातकरी आणि धनगर त्या डोंगरावर आधीपासून वावरत होते. त्यांना ते सापडलेले नव्हते, कारण त्यांनी ते हरवले नव्हते. नंतर तिथे 'पॉइंट' तयार झाले, पॅनोरमा पॉइंट, लुईझा पॉइंट. पॉइंट म्हणजे काय? डोंगर पाहण्यासाठी कोणीतरी ठरवून दिलेली जागा. चित्रकाराने तिथेच तिपाई मांडायची, प्रवाशाने तिथेच उभे राहायचे आणि भावही तिथलाच घ्यायचा. आणि त्या जागेपर्यंत पाहणाऱ्याला कोणी नेले? मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात माणसाने ओढायच्या रिक्षा एकविसाव्या शतकातही चालू राहिल्या. त्या सहा महिन्यांत बंद करा, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठावर होते. दीडशे वर्षे ज्यांनी पॉइंटचे सौंदर्य पाहिले, त्यांतल्या कितीजणांना पुढे वाकलेली पाठ दिसली असेल? ती पाठ दिसली असती तर चित्रातला भाव 'प्रसन्न' राहिला असता का?

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथे हे यथार्थदर्शन आणि हे जलरंग आपल्या माणसांच्या हाती आले. सावळाराम हळदणकर, एम. के. परांडेकर यांच्यासारख्यांनी निसर्गचित्रात जे प्रभुत्व मिळवले ते कोणत्याही देशाच्या तुलनेत कमी नाही. त्यांना साहेबाची नक्कल करणारे ठरवणे हा अन्याय होईल. पण उभे राहण्याची जागा त्यांनी बहुधा बदलली नाही. चित्राच्या खालच्या भागात मोळीवाली, गुराखी, घागर घेतलेली बाई येते, परंतु ती प्रमाण कळावे म्हणून, किंवा निळ्या-हिरव्या पसाऱ्यात लुगड्याचा एक तांबडा ठिपका हवा म्हणून. तिला चेहरा नसतो. डोक्यावरच्या मोळीचे वजन मानेत उतरलेले नसते.

या परंपरेत मला वेगळे वाटतात ते आबालाल रहिमान. कोल्हापूरचे, मुन्शी घराण्यातले, जे. जे. त शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरी राहिलेले आणि १९३१ मध्ये निवर्तलेले. कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. रोज पायी जाता येईल एवढ्याच टापूत त्यांनी निसर्ग शोधला. भव्य दृश्यासाठी कुणाच्या खांद्यावर बसून उंच जागी जावे, असे त्यांच्या चित्रांना लागत नाही. म्हणून त्यांतली शांतता मला उसनी वाटत नाही. साधन परके असले तरी नजर आपली ठेवता येते, याचा हा पुरावा आहे.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात सह्याद्रीला आणखी एक अर्थ चिकटला, अभिमानाचा. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका, पाठ्यपुस्तके यांतून मावळत्या सूर्यापुढे गडाची काळी आकृती आणि पुढे घोडेस्वार, हे चित्र घरोघर गेले. गडाची आकृती काळी भरली की एक सोय होते. आतले काही दिसत नाही. गड माथ्यावर असतो, पण तो राखला जायचा घेऱ्यातल्या मेटांवरून. तिथे ऊनपावसात पहाऱ्याला असायचे रामोशी, बेरड, कोळी, महार. काळ्या आकृतीत बालेकिल्ला ओळखू येतो, मेट बुडून जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगड पाहायला गेले होते. तळ्याचे पाणी नाकारलेली माणसे गडाची वाट चढत आहेत, हा केवढा मोठा चित्रविषय! दिनदर्शिकेवर तो मी कधी पाहिला नाही.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असे समजू नये. इंग्रज समीक्षक जॉन रस्किन यांनी १८५६ मध्ये 'मॉडर्न पेंटर्स'च्या चौथ्या खंडात पर्वतांवर विस्ताराने लिहिले. पर्वताच्या वैभवावर त्यांनी एक प्रकरण लिहिले, आणि त्याआधी पर्वताच्या उदासीवरही एक लिहिले. आल्प्समध्ये प्रवासी ज्या दृश्याने भारावतो, त्याच दृश्यात राहणारा शेतकरी कष्टाने आणि दारिद्र्याने इतका मिटलेला असतो की त्याला त्या सौंदर्याचा स्पर्शही होत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. सौंदर्यापासून सुरुवात केलेला हा माणूस चार वर्षांनी 'अन्टु धिस लास्ट'मधून श्रम आणि मोबदला यांच्या प्रश्नावर आला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. डोंगर नीट पाहिला की वाट तिकडेच जाते.

आता प्रश्न असा की, चित्रात गरीब माणूस आणला म्हणजे झाले का? नाही. मोळीवाली मोठी काढली म्हणून तिला न्याय मिळतो असे नाही. अनेकदा तिचे दारिद्र्यच देखावा होते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी फान क्वान या चिनी चित्रकाराने रेशमावर काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात दोन मीटर उंचीच्या पटावर प्रचंड कडा उभा आहे आणि तळाशी खेचरांचा एक तांडा चालला आहे, इतका लहान की शोधावा लागतो. तरी तो शोभेसाठी आलेला वाटत नाही. तांड्याला वाट आहे, त्याला कुठेतरी पोचायचे आहे, आणि डोंगराचे प्रचंडपण त्या चालण्याच्या संदर्भात कळते. तेव्हा आकार हा कसोटीचा मुद्दा होत नाही. चित्रातल्या माणसाला त्या डोंगरात काही काम आहे का, त्याची वाट चित्रकाराला ठाऊक आहे का, हे विचारावे लागते.

अलीकडच्या मराठी मुलखातील कलेत या दिशेने वेगवेगळी पावले पडली आहेत. सुधीर पटवर्धनांच्या ठाणे परिसराच्या भूदृश्यांत घरे, कारखाने, नाले आणि माणसे यांच्यापासून भूमी वेगळी काढता येत नाही. सवी सावरकरांनी गळ्यातले मडके आणि झाडू यांसह अस्पृश्य माणूस असा समोर आणला की मागच्या निसर्गाला जागाच उरत नाही. निसर्गाचा हा नकार मला आवश्यक वाटतो. आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, जे २०१८ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांत आपल्याला सवयीची ती एकच क्षितिजरेषा नसते. कोणी पॉइंटवर उभे राहून पाहत नाही. डोंगर, झाड, माणूस, मुंगी एकाच भूमीवर एकमेकांत वावरतात. त्यांच्या चित्रासमोर उभे असताना मला त्या मुलीचा कागद आठवला. आकाश नसणे ही चूक असेलच असे नाही. डोंगराच्या अंगावर चालणाऱ्याला आकाश कमीच दिसते. त्याची नजर पायाखाली असते.

तिच्या डोंगराचा इतिहासही इथे सांगितला पाहिजे. फणसाडचे रान हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९८६ मध्ये रान अभयारण्य झाले. वन्य जीव वाचले पाहिजेत याबद्दल वाद नाही. पण शिकारीच्या रानातही मोळीवाली आगंतुक होती आणि अभयारण्यातही तिला विचारले जाते की, तू इथे कशी? वनहक्काचा कायदा २००६ मध्ये आला, दळीच्या जमिनींचे दावे दाखल झाले, कागद मागितले गेले. तिच्या चित्रातली पायवाट हा एक प्रकारचा दावाच होता. त्यावर शिक्का मात्र पडला नाही.

आणि डोंगर केवळ पाहण्याचा विषय राहत नाही असे दिवस येतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी ही ठाकरांची वस्ती गाडली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. पावसाळ्यातल्या इरशाळगडाचा सुळका ढगांत कसा दिसतो हे पाहायला पदभ्रमण करणारे त्याच वाडीवरून जात असत. धुक्यातला गूढ भाव खोटा होता असे मी म्हणत नाही. तो अर्धा होता. त्या धुक्याखाली कोण झोपले आहे, हे ज्याला माहीत आहे त्याने धुके रंगवले तर रंग बदलेल, असे मला वाटते.

तर मग आपला डोंगराशी नाते सांगणारा भाव फक्त भीतीचा आणि कष्टाचा आहे काय? तसे म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल. मुरुडहून राजपुरीच्या खाडीकडे आत गेले की कुड्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही सव्वीस बौद्ध लेणी डोंगरात कोरलेली आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. हा डोंगर दुरून पाहिलेला नाही. तो आतून घडवलेला आहे, त्यात पावसाळ्यात भिक्खूंना निवारा मिळाला आहे आणि साध्या माणसाचे नाव त्यावर राहिले आहे. लेण्याच्या ओसरीत बसून खाडीकडे पाहिले की जे वाटते ते सौंदर्यच आहे. ते मला कोणी उसने दिलेले नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नाही, पण डोंगर पाहून थबकणारी माणसे होती. त्यांच्या थबकण्याला समीक्षेत शब्द नव्हता, एवढेच.

म्हणून आपण निसर्गचित्राकडे पाठ फिरवू नये. चित्रासमोर उभे राहून तीन साधे प्रश्न विचारावेत. हा डोंगर कुठून पाहिला? इथवर पाहणारा कसा आला? आणि यात वाट कोणाची आहे? या प्रश्नांनी चित्राचा आनंद कमी होत नाही, तो कशाचा आनंद आहे ते कळते. शिक्षकांनी तर हे प्रश्न वर्गात न्यावेत. मुलांना सांगावे की, खिडकीतून बाहेर पाहा, डोंगर खरोखर त्रिकोणी आहे का?

स्पर्धेची चित्रे नंतर मुलांना परत देण्यात आली. ते चित्र मिळेल का म्हणून मी वाडीवर गेलो होतो. मुलगी आईबरोबर भट्टीच्या कामाला गेली होती, आणि कागद पावसात भिजून गेला, असे तिच्या आजीने सांगितले. मी परतताना आजीने वाट दाखवली. चित्रात होती तीच, तिरकी तिरकी खाली येणारी. पाण्याचा ठिपकाही खडकाजवळ जिथे असायला हवा होता तिथेच होता. यंदा स्पर्धा झाली आणि मला बोलावले, तर जाईन. सही करण्यापूर्वी बोलेन.